थोरली लेन्स, धाकटी लेन्स

शांतारामभाऊंनी सुदुंबऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाला एकच हार दोनदा घालायला लावला. अक्षता पडल्या, हार घालून झाला, टाळ्या झाल्या, फोटोही निघाला, आणि भाऊ शांतपणे म्हणाले, "आता हार काडा. ह्यो फोटू थोरलीनं झाला, आता धाकटीनं काडायचाय." नवरदेवाने घाबरून हार काढला. नवरीचा मामा अंगावर धावून आला, तर भाऊंनी त्यालाही उजेडात नीट उभं केलं आणि त्याचेही दोन फोटो काढले. मामा निवळला.

थोरली आणि धाकटी म्हणजे भाऊंच्या दोन लेन्स. कंपनी एक, माप एक, दोन्ही स्वस्तातल्या. थोरली जुन्या बनावटीची आणि धाकटी तिचीच नवी आवृत्ती. कुसगावात भाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. धाकटी आली त्या दिवशी ते मला म्हणाले होते, "सर, थोरली तुमाला. पर आदी दोघींची परीक्षा हुंद्या." मी शाळेतून नुकताच निवृत्त झालेला. हौसेने एक जुना कॅमेरा घेऊन बसलो होतो, बिनलेन्सचा. म्हटलं, परीक्षा काय, आठवड्यात उरकेल. त्याला आठ महिने झाले. कॅमेरा कपाटात, आणि आमची ही पाहुण्यांना सांगते, "यांनी गाडी घेतलीय, चाकं यायची आहेत."

परीक्षा म्हणजे समोर येईल त्याचे दोन फोटो. कार्ल्याचा कणीसवाला, हॉटेलचा वॉचमन, शेजाऱ्याची म्हैस. म्हशीने दुसऱ्या फोटोला तोंड फिरवलं म्हणून तो पेपर रद्द झाला आणि तिची दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा घेतली. मग दोन्ही फोटो हातात धरून भाऊ रस्त्यावर कुणालाही अडवत. "ह्यो बरा का ह्यो? मागलं पुसट दिवं बगा. थोरलीत पाचकोनी, धाकटीत कसं गोल गोल." पासपोर्टच्या फोटोला आलेली माणसं दिवे बघून, मत देऊन, फोटो न काढताच घरी जात. धाकटी सरस हे त्या म्हशीलाही कळलं असतं. पण मी थोरली मागितली की भाऊंचं ठरलेलं, "निकाल राखून ठिवलाय."

मला राग यायला लागला होता. द्यायची नव्हती तर कबूल कशाला करायचं? एका रविवारी सकाळी मी तडक त्यांच्या घरी गेलो, आज हो की नाही ते ऐकूनच परतायचं असं ठरवून.

भाऊ अंगणात कॅमेरा घेऊन उभे होते. समोर खुर्चीवर त्यांच्या पत्नी, हौसावहिनी. साखरेच्या आजारात वहिनींची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. माझा आवाज ओळखून त्या म्हणाल्या, "या सर. आज माजी बारी हाय." कॅमेऱ्याला धाकटी लावलेली होती. भाऊंनी बटण दाबलं. वहिनी ताठ बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काडला का?"

"काडला."

मग थोरली लागली. जुन्या लेन्सची मोटर नेम धरताना घर्र करते. नवीत कंपनीने तो दोष काढून टाकलाय. तो घर्र आवाज झाला मात्र, वहिनींचा हात पदराकडे गेला, मान जराशी कलली आणि त्या हसल्या.

भाऊंनी मला मागच्या पडद्यावर दोन्ही फोटो दाखवले. धाकटीत केस न् केस स्वच्छ, आणि वहिनी रेशनच्या रांगेत बसल्यासारख्या. थोरलीचा फोटो कडेला धूसर होता, पण त्यात वहिनी हसत होत्या.

मी हळूच म्हणालो, "भाऊ, नवी लावून 'हसा' म्हणून तोंडाने सांगितलं तर?"

"सांगून हसत्यात ती गिऱ्हाइकं," भाऊ म्हणाले. ते लेन्स पुसू लागले. "दिसत हुतं तवाबी ती कॅमेऱ्याकडं बगायची न्हाई, लाजायची. ह्यो आवाज झाला की मंग हसायची."

आठ महिने मी या माणसाला मनातल्या मनात चिक्कू म्हणत होतो. "थोरली राहू द्या तुमच्याकडेच," मी म्हणालो. भाऊंनी धाकटी डबीत घातली आणि माझ्या हातात दिली.

"अहो, ही नवी आहे."

"कबूल केलंय, सर. एक लेन्स तुमाला द्यायची हाय."

"मंग कुनाचा नंबर आला वो?" खुर्चीवरून वहिनींनी विचारलं.

भाऊंनी मला नजरेनेच गप्प राहायला सांगितलं.

"थोरलीचा," ते म्हणाले. "लय पुढं हाय ती."