तिसऱ्या अंकात ठेवलेली तार

नाटकातला खून दुपारी चार वाजता व्हायचा होता. पण पुंडलिकरावांच्या डोक्यावर कावळा सकाळी सातलाच येऊन बसला.

त्यात कावळ्याची काही चूक नव्हती. पुंडलिकराव अंगणात खाटेवर मरणाचा सराव करत होते. एरवी आर्वीत गूळ-तेलाचं दुकान चालवणारा हा वजनदार माणूस नाटकात मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, झाला होता. पहिल्या अंकाच्या शेवटी सुरा लागून मरायचं आणि अख्खा दुसरा अंक प्रेत होऊन पडायचं, हे त्यांचं मुख्य काम. "श्वास पोटातल्या पोटातच घ्याचा," असं लेखक-दिग्दर्शक प्रभाकररावांनी बजावलं होतं. पुंडलिकरावांनी ते इतकं मनावर घेतलं, की कावळ्याचीसुद्धा खात्री पटली.

त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई ओट्यावरूनच किंचाळल्या. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचं बोलावणं, आणि त्यावर उतारा एकच. जवळच्या नातेवाइकांना माणूस गेल्याचं खोटंच कळवायचं. त्यांनी खरे अश्रू गाळले की मरण टळतं. मग तो सुखरूप असल्याचं कळवून टाकायचं. रडणाऱ्याला आधी कळलं तर उतारा फुकट. सुलोचनाबाईंचं माहेर सिंदी रेल्वे या गावचं. पोस्ट उघडताच नोकराकरवी त्यांनी आईच्या नावानं तार ठोकली : 'पुंडलिकराव वारले.'

"पन तुही माय रडन काय मायासाठी?" पुंडलिकरावांनी विचारलं.

शंका रास्त होती. अठरा वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीत ते सहज बोलून गेले होते, की वरणात मीठ कमी आहे. वरण सासूबाईंच्या, म्हणजे आनंदाबाईंच्या हातचं होतं. त्या दिवसापासून त्या जावयाशी धड एक शब्द बोलल्या नव्हत्या.

तिकडे प्रभाकररावांना वेगळाच घोर लागला होता. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवायची आणि संध्याकाळी त्याच हातानं खुनाचे धागे जुळवायचे, असा त्यांचा क्रम. तीन वर्षांत त्यांनी तीन रहस्यनाटकं लिहिली, बसवली, आणि एकाचाही तिसरा अंक झाला नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्या अंकाला वीज गेली ती पहाटेच आली. दुसऱ्या वर्षी नागपूरहून आणलेल्या नटीनं दोन अंक झाल्यावर गाडीची वेळ झाली म्हणून बॅग उचलली. तिसऱ्या वर्षी मांडवात गोऱ्हा शिरला. आर्वीकरांनी त्यांचे सहा अंक पाहिले होते, पण खुनी एकही पाहिला नव्हता. कुणी रस्त्यात विचारलं, "काऊन जी, त्या दिवाणजीले मारलं कोनं?" की ते मान खाली घालून म्हणत, "थे तिसऱ्या अंकात हाय." पुढे पुढे गावात ती म्हणच पडली. कुणाचं लग्न लांबलं, कुणाची विहीर अर्धी राहिली, की लोक म्हणत, "गेलं तिसऱ्या अंकात!" प्रभाकरराव वरवर हसत, आतून त्यांना ते फार लागे.

म्हणून या वर्षी त्यांनी कसर ठेवली नव्हती. विजेचा भरवसा नको म्हणून 'अवसेच्या राती बारा वाजता' हे नाटक दुपारी तीन वाजता, बाजार समितीच्या यार्डात, लख्ख उन्हात ठेवलं. स्त्री-भूमिका लिहिलीच नाही. गुरांसाठी फाटकावर दोन माणसं काठ्या घेऊन उभी केली. आणि तिसरा अंक तर असा बांधला होता, की ज्याचं नाव ते! मालगुजार मेलेलाच नसतो. मेल्याचं सोंग घेऊन पडलेला असतो, आणि शेवटी ताडकन उठून खुन्याचं मनगट धरतो. हे गुपित तिघांनाच ठाऊक : स्वतः प्रभाकरराव, पुंडलिकराव आणि फौजदाराचं काम करणारा एसटीतला ड्रायव्हर तानबा.

बारा वाजता प्रभाकरराव वही काखेत मारून निघाले, तेव्हा सुलोचनाबाईंनी त्यांना आपल्या दारासमोर गाठलं. दुकानाचा नोकर ताडपत्र्या घेऊन यार्डात गेला होता.

"भाऊजी, पोस्टावरूनच जाऊन राह्यले न? एवढी तार करून देजा. माय आतालोक रडून झाली असन."

चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'जिवंत आहेत. कावळा होता.'

"देतो न वहिनी. त्यात काय!"

चिठ्ठी हरवू नये म्हणून त्यांनी ती वहीत, तिसऱ्या अंकाच्या पहिल्या पानात ठेवली. पोस्टाच्या पायरीवर पाय ठेवला, तोच तानबा सायकल मारत आला.

"परभाकरभाऊ, घोटाळा झाला. फौजदाराची टोपी डोक्यातच जाऊन नाई राह्यली!"

टोपीशिवाय फौजदार म्हणजे नुसता तानबा. प्रभाकरराव पायरीवरूनच मागे फिरले. टोपीची शिवण उसवण्यात तास गेला आणि तार वहीत राहिली.

नाटक तीनच्या ठोक्याला सुरू झालं. चारला पुंडलिकरावांना सुरा लागला, ते मोठ्या आवाजात मेले, आणि यार्डभर टाळ्या झाल्या. दुसऱ्या अंकात ते पांढरी चादर ओढून दिवाणावर पडले. तानबा फौजदार मिशीवर ताव देत उलटतपासणी घेऊ लागला. विंगेत प्रभाकरराव वहीत बोट घालून बसले होते. फाटकाकडे गुरं नव्हती आणि विजेचा प्रश्नच नव्हता. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आज होतंय.

आणि मांडवाच्या मागून हंबरडा आला.

"माह्या जवाया रेऽऽ!"

सिंदीहून अकरा माणसं आली होती. पुढे आनंदाबाई, मागे काखेत कोऱ्या कापडाची घडी घेतलेला त्यांचा मुलगा रूपराव, आणि त्यामागे भाऊबंद. घराला कुलूप दिसलं, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं बसल्या जागेवरून यार्डाकडे बोट दाखवलं होतं. लोकांनी आदबीनं वाट करून दिली. प्रभाकररावांनी प्रेक्षकांतून पात्रं आणली, याचं सगळ्यांना कौतुकच वाटलं. आनंदाबाई साबणाच्या खोक्यांवरून रंगमंचावर चढल्या आणि त्यांनी थेट प्रेतावर अंग टाकलं.

"सोन्यासारखा जवाई माहा! अठरा वर्सं तोंड वाकडं केलं रे म्या! मीठ कमीच व्हतं वरनात! कमीच व्हतं!"

चादरीखाली पुंडलिकरावांना भडभडून आलं. हे ऐकायला त्यांनी अठरा वर्षं वाट पाहिली होती. बंद डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं, पण ते हलले नाहीत; अजून काय काय कमी होतं ते त्यांना ऐकायचं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या सुलोचनाबाईही दचकल्या, पण गप्प राहिल्या. आईचे अश्रू थेट नवऱ्याच्या अंगावर पडत होते; याहून पक्का उतारा कुठला?

पुढचं काय वाचवता येईल ते पाहायला प्रभाकररावांनी तिसरा अंक उघडला, आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर पडली. 'जिवंत आहेत. कावळा होता.' तार करायची राहूनच गेली होती. बाहेर जाऊन दोन शब्द बोलले असते तर त्या बाईचं रडणं थांबलं असतं. पण मालगुजार जिवंत आहे हे आत्ताच कळलं, तर तिसऱ्या अंकात उरतं काय? त्यांनी एकदा आनंदाबाईंकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि चिठ्ठी पुन्हा वहीत ठेवून दिली.

"पुंडलिकराव, उठू नका!" ते विंगेतून कुजबुजले. "तुमाले माही आन हाय!"

इकडे रूपराव फौजदारापुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, आमची बाडी आमाले द्या."

तानबा वर्ध्याच्या घाटात ब्रेक लागला नाही तरी घाबरणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाडी आता नाई भेटत. पंचनामा चालू हाय."

"किती येळ लागन?"

"तिसऱ्या अंकालोक!"

यार्डात शिट्ट्या झाल्या. त्या आवाजानं आनंदाबाईंनी मान वर केली, आणि त्यांना पहिल्या रांगेत आपली लेक दिसली. हिरवं लुगडं, डोक्यात गजरा, ओच्यात भाजलेल्या शेंगा.

"सुलोचने! नवरा मरून पडला, न तू हिरवं नेसून शेंगा खाऊन राह्यली?" त्या उठून उभ्या राहिल्या आणि फौजदाराकडे वळल्या. "साहेब, आता दुसऱ्या कोनाले पुसू नका. इलेच धरा!"

"बाई, पुढं या," तानबा ओघात बोलून गेला.

सगळं यार्ड सुलोचनाबाईंकडे वळलं. बायका चार बोटं लांब सरकल्या. आता मात्र सुलोचनाबाईंचा धीर सुटला.

"अवं माय, जिते हायेत थे! कावळा बसला व्हता डोक्यावर, म्हून तार केली! अन् तुमी काय पडून राह्यले जी? उठा न!"

"उठू नका!" विंगेतून प्रभाकरराव कळवळले.

पुंडलिकरावांपुढे दोन हुकूम होते. एक दीड महिन्याच्या तालमीचा आणि एक अठरा वर्षांच्या संसाराचा. ते उठून बसले. ओल्या गालांनी त्यांनी सासूकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मायबाई, खरंच कमी व्हतं न मीठ?"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. पागोटी उडाली. पडद्याच्या दोरीवर रामाजी होता. याच्यापुढे आता काही होऊ शकत नाही, असा त्यानं विचार केला आणि पडदा पाडला. दूध काढायची वेळ झालीच होती. "काय नाटक केलं बाप्पा!" म्हणत पंधरा मिनिटांत गाव पांगलं.

प्रभाकरराव साबणाच्या खोक्यावर बसले होते. शेजारी तानबा दहाव्यांदा टोपी काढून घालत होता. प्रभाकररावांना खरोखर रडू येत होतं, आणि त्या रडण्यानं कुणाचं मरणही टळणार नव्हतं. त्यांनी चिठ्ठी आनंदाबाईंच्या हातात दिली आणि झालं ते सगळं कबूल केलं.

आनंदाबाई चिडतील असं सगळ्यांना वाटलं. पण रीत ती रीत. "कावळाच व्हता त काय करन बिचारी," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पन याले मारलं कोनं व्हतं?"

"थे तिसऱ्या अंकात..." प्रभाकरराव सवयीनं बोलले आणि थांबले.

"मंग दाखवा न! आमची येष्टी त गेली. आमाले आता कोठं जायाचं हाय?"

आणि मावळतीच्या उजेडात तिसरा अंक झाला. समोर सिंदीची अकरा माणसं ओळीनं मांडी घालून बसली. रूपरावच्या मांडीवर कोरं कापड तसंच होतं. मालगुजार ताडकन उठला आणि त्यानं खुद्द फौजदाराचं मनगट धरलं. विंगेत प्रभाकरराव प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होते. शेवटचं वाक्य संपलं, तेव्हा त्यांना आपल्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम सुरू झाल्यासारखं वाटलं.

ते बाहेर येऊन हात जोडून उभे राहिले. आनंदाबाईंनी थोडा विचार केला.

"फौजदारच हाय थे मले तवाच समजलं. बाडी द्याले तयार नव्हता न! पन चांगलं हाय. मले आवडलं."

प्रभाकररावांना चार वर्षांचं भरून पावलं.

"आता पयला अंक दाखवा," आनंदाबाई म्हणाल्या. "आमी आलो तवा अर्धं होऊन गेलतं. पन एक आयका. या खेपेले जवायाले मारू नका. एका दिवसात दोनदा नाई रडनं होत माह्यानं."

प्रभाकररावांनी सुऱ्याकडे पाहिलं, मग त्या म्हातारीकडे. सुरा त्यांनी पेटीत ठेवून दिला आणि वही पहिल्या पानावर आणली.

पहिला अंक कुणालाही न मारता नीट पार पडला. मालगुजार जेवले, विडा खाऊन सुखरूप झोपले, आणि पुढच्या दोन्ही अंकांना काही कारणच उरलं नाही.