स्केल वाढवायला हवं

मधुकर देवधर, म्हणजे आमचे देवधरकाका, अमेरिकेत फ्रीमाँटमधल्या आमच्या वसाहतीतले फुटपाथ लोखंडी साखळीने मोजत. साखळी खरीखुरी, कड्याकड्यांची आणि चांगली लांबलचक. दुसरं टोक धरायला ते समोर येईल त्याला पकडत. एकदा मी ऑफिसच्या कॉलवर असताना मलाही पकडलं. म्यूट करायचं राहिलं आणि "ताण! ढिली सोडू नकोस!" हे माझ्या अख्ख्या टीमने ऐकलं.

काका पुण्याचे, भूमापन खात्यातून रिटायर होऊन मुलाकडे, निखिलकडे, आलेले. त्यांची दैवतं म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्लंडातले नकाशे करणारे. "अरे, एकेक काउंटी पायी मोजली लोकांनी! चिखल तुडवत! पवनचक्की, खानावळ, फाटक, सगळं नकाशात. वाटसरूला उत्तर-दक्षिण काय करायचीय? पुढचं झाड कुठलं ते सांगा!" एवढं ऐकून घेतलं की चहा मिळे.

"बाबा, फोनवर मॅप आहे ना यार," निखिल म्हणे. काका त्याच्याकडे बघतसुद्धा नसत.

ही मोजणी हौसेची नव्हती. सुमनकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, विस्मरणाचा आजार जडला होता. आमची सगळी घरं एकसारखी, मातकट. चांगल्या धडधाकट माणसालाही चकवतील अशी. काकू दोन-तीनदा दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावताना सापडल्या. निखिलने केअर होमची चौकशी सुरू केली आणि काकांनी साखळी बाहेर काढली. घर सापडत राहिलं तर काकू घरात राहतील, एवढा साधा हिशेब.

पहिल्या नकाशात अख्खी वसाहत होती. लिंबाचं झाड, आगीच्या बंबासाठीचा पिवळा हायड्रंट, कुत्रं भुंकतं ते घर. तो हातात धरून काकू काही दिवस छान फिरल्या. मग चुकल्या.

"स्केल वाढवायला हवं," काका म्हणाले.

पुढच्या कागदावर फक्त आमची गल्ली आली, पण पायरीपायरीसकट. गल्ली हरवली, तेव्हा फक्त घर. जिना, बाथरूम, देव. स्केल वाढलं की कागदावर मावतं कमी, हे मला काकांनीच शिकवलं होतं. दर वेळी ते मोठ्या उत्साहाने नवी पेन्सिल काढत.

शेवटी केअर होम आलंच. काकांना ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून गेल्या रविवारी मी त्यांना घेऊन गेलो. नवा नकाशा तयार होता. त्यात एकच खोली. पलंग, खिडकी, औषधांचं टेबल आणि पाहुण्याची खुर्ची. खुर्चीवर नाव लिहिलेलं: मधुकर.

काकूंनी त्यावर बोट ठेवलं. "हे मधुकर कोण हो?"

मला वाटलं, आता काका व्याख्यान देणार. पण जन्मभर जिला 'अगं' म्हटलं, त्या बायकोला ते अदबीने म्हणाले, "इथलेच आहेत. काही लागलं तर हाक मारा त्यांना."

"चांगले आहेत का?"

"तसे बरे आहेत," काका म्हणाले. मग बोटभर चुकीसाठी अख्खी गल्ली पुन्हा मोजणाऱ्या त्या माणसाने रबर घेतलं, नकाशातली खुर्ची खोडली आणि काहीही न मोजता ती पलंगाला अगदी चिकटवून काढली.