दाऊदभाईंनी वाकडी ठरवलेली रायफल

लस्सीचा स्ट्रॉ दाऊदभाई आधी डोळ्याला लावत, मग तोंडाला. एक डोळा मिटून आरपार बघायचं आणि निकाल द्यायचा, "माफी सीदा!" म्हणजे सरळ नाही. ओमानमधल्या बरका गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पडद्याचा रॉड, नळाचा पाइप, गिऱ्हाइकाची काठी, कशाचीच सुटका नसे. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा हिचं लाटणंही नापास करून गेले.

त्यांचे वडील कोकणात शिकारी, त्यामुळे दाऊदभाईंना बंदुकीतलं कळायचं. जुनी रायफल घेताना आसपासचे ओमानी त्यांना दाखवत. आमच्या ऑफिसातल्या नासिरने एका म्हाताऱ्याची बोल्टची शिकारी रायफल बघायचं ठरवलं, तेव्हा मीच ऐटीत दाऊदभाईंना घेऊन गेलो.

म्हातारा खजुराच्या बागेत वाट बघत बसला होता. शिकारीवर बंदी आली होती आणि मुलांना घरात हत्यार नको होतं. रायफल त्याच्या वडलांची. अंगातल्या पायघोळ डिशडाशाच्या टोकाने तो ती पुन्हा पुन्हा पुसत होता. नासिरने हात पुढे केला, तरी म्हाताऱ्याची बोटं सुटेनात.

दाऊदभाईंनी मागचा बोल्ट काढून नळी मोकळी केली, तिला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"माफी सीदा, अर्बाब," ते नासिरला म्हणाले. "नळी वाकडी आहे."

म्हातारा ताडकन उठला. "माझ्या बापाची रायफल वाकडी?" त्याने ती हिसकावली, बोल्ट बसवला, गोळी भरली आणि दूर मातीच्या ढिगावरचा डबा पहिल्याच बारात उडवला. मग नासिरकडे वळून म्हणाला, "विकायची नाही. खलास!"

नासिर माझ्याकडे बघत राहिला. "हा तुझा जाणकार?" म्हणाला आणि आपली गाडी काढून एकटाच निघून गेला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. परतताना मी दाऊदभाईंना नाही नाही ते बोललो.

"भाऊ, नळी सरळ होती," ते हळूच म्हणाले.

"मग?"

"म्हाताऱ्याचा हात नाही बघितलात?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"माझ्या इथल्या व्हिसासाठी बापाने बंदूक विकली. मीच गिऱ्हाईक आणलेलं. बाप हसून म्हणाला, 'जुनी झाली होती रे.' मला ते खरं वाटलं नव्हतं, तरी गप्प बसलो. इथे आलो, दुकान झालं. एकदा पण विचारलं नाही त्याला. आता विचारायला तो नाही."

त्यानंतर दाऊदभाईंना रायफल दाखवायला कुणी बोलावलं नाही. त्यांनीही कुणाला खरं सांगितलं नाही.

त्या दिवशी मात्र दुकानापाशी उतरता उतरता ते थांबले.

"बंदूक दिली ना, मग हात कुठे ठेवावेत तेच बापाला कळेना. शेवटी मी इथे यायला निघालो, तेव्हा त्याने माझी ट्रंक उचलली. एस.टी.पर्यंत मला हातच लावू दिला नाही."