आत्याबाईंची झोप

रोज दुपारी दोन ते साडेतीन बाबांनी झोपायचं, असं निवाऱ्याच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं. लेकीच्या नावापुढे ‘खुर साफ करणे’, आईच्या नावापुढे ‘झुली आणि पट्टे शिवणे’ आणि बाबांच्या नावापुढे एकच शब्द, ‘झोप’. तिघं तीन आठवड्यांसाठी परदेशात आले होते ते म्हाताऱ्या, ओझी वाहून थकलेल्या जनावरांची सेवा करायला. कल्पना लेकीची. “फुकट राबायला विमानानं कशाला जायचं?” असं आई म्हणाली होती, पण बॅग सगळ्यात आधी तिचीच भरून तयार होती.

बाबा नकाशे काढण्याच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. कागदावरची रेघ सोडली तर त्यांच्या हातून काहीच सरळ होत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी नळ चालू ठेवून सगळा कडबा भिजवला. दुसऱ्या दिवशी एका खेचराला उलट्या बाजूनं खरारा केला आणि खेचरानं त्यांची टोपी खाल्ली. तिसऱ्या दिवशी तबेल्याच्या मुकादमानं त्यांच्या हातातलं फावडं अगदी मायेनं काढून घेतलं आणि शेवटच्या खणातल्या म्हातारीजवळ नुसतं बसून राहायला सांगितलं.

ही म्हातारी म्हणजे एक आंधळी गाढवीण. आईनं तिला पाहताक्षणी ‘आत्याबाई’ असं नाव ठेवलं, कारण ती थेट बाबांच्या थोरल्या बहिणीसारखी दिसते असं आईचं म्हणणं. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग आत्याबाईंकडे नीट निरखून पाहिलं आणि विषय सोडून दिला. शेजारच्या खणातली जोडीदारीण वारल्यापासून आत्याबाईंची झोप उडाली होती. उभ्या उभ्या थरथरायच्या, वैरणीला तोंड लावायच्या नाहीत. निवाऱ्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची सगळी औषधं करून झाली होती, आणि हे असंच चाललं तर महिनासुद्धा निघायचा नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

त्या दुपारी बाबा गवतावर बसले, बसल्या बसल्या कलंडले आणि झोपले. जाग आली तेव्हा शेजारी आत्याबाई चारी पाय पसरून झोपलेल्या आणि दारात डॉक्टरीणबाई डोळे पुसत उभ्या. वारलेली जोडीदारीण म्हणे घोरायची, आणि आज कित्येक आठवड्यांनी त्या खणातून पुन्हा तसा आवाज त्यांना बाहेर अंगणात ऐकू आला होता. समोर खुर्ची टाकून झूल शिवत बसलेल्या आईनं लगेच साक्ष दिली. “यांचं घोरणंच तसलं आहे. तेवीस वर्षं हॉलमध्ये झोपतात, तरी दार लावूनसुद्धा मला ऐकू येतं.”

बाबांनी हा आरोप कधी नाकारला नव्हता. पाठ टेकली की ते जे जायचे ते थेट सकाळी परत यायचे. मधल्या वेळात आपण काय करतो ते त्यांना कसं कळणार? लेक वर्षाची असताना एका रात्री आईनं त्यांची उशी हॉलमधल्या दिवाणावर नेऊन ठेवली, तेव्हापासून ते तिथेच होते. आता मात्र त्याच घोरण्याला मान मिळत होता. मुकादम त्यांना वाकून सलाम करायचा. आईलाही मान होता, पण तो सहनशीलतेचा. स्वयंपाकघरातल्या बायका तिला बसायला उशी आणून द्यायच्या आणि तेवीस वर्षांची हकीकत पुन्हा पुन्हा ऐकायच्या.

अशा पंधरा दुपारी गेल्या. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली उतरायच्या, त्यांत धूळ अगदी सावकाश तरंगायची. जाड झुलीतून सुई जाताना बारीकसा आवाज व्हायचा. गवताचा वास, कुठेतरी शेपटीचा सपकारा, आणि बाबांचे डोळे मिटायचे. आयुष्यात इतकं गोड ते कधी झोपले नव्हते, आणि त्या झोपेची कुणी नोंद ठेवतंय हे तर त्यांना स्वप्नासारखंच वाटायचं.

निघायला तीन दिवस उरले आणि डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना गोळा केलं. बाबा गेल्यावर आत्याबाईंचं काय? मुकादमानं घोरून दाखवलं, तर आत्याबाईंनी बादलीला लाथ घातली. मग लेकीनं तोड काढली. बाबांचं घोरणं तिच्या मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि खणात एक छोटा स्पीकर टांगून रोज दुपारी ते लावायचं. सगळ्यांना हे पटलं. फक्त मोबाइल उशाशी आला आणि बाबांची झोप पळाली.

आपण आता नीट, स्पष्ट आणि भरपूर घोरलं पाहिजे, या विचारानंच त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. पहिल्या दिवशी त्यांना आग्रह करून दोनदा जास्तीचं जेवण वाढलं, तर पोट गच्च होऊन ते येरझाऱ्या घालत बसले. दुसऱ्या दिवशी मुकादमानं आग लागली तर काय करावं याची बत्तीस कलमं त्यांना एकसुरात वाचून दाखवली. स्वतः मुकादम अकराव्या कलमाला झोपला, पण घोरला नाही. भोवती एवढी गर्दी, म्हणून आईही शिवण गुंडाळून खोलीत गेली होती. दोन्ही दुपारी आत्याबाई उभ्याच राहिल्या. त्यांच्या पायांची थरथर परत सुरू झाली, आणि बाबांना आपण कुणाचा तरी जीव टांगणीला लावलाय असं वाटून गलबलून आलं.

तिसऱ्या, शेवटच्या दुपारी त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. फक्त आई राहिली, कारण एक झूल अर्धी शिवायची होती. बाबांनी मोबाइल चालू केला, गवतावर अंग टाकलं आणि डोळे घट्ट मिटून वीस मिनिटं पडून राहिले. काही उपयोग नाही. शेवटी हळूच उठले, बूट चढवले आणि बाहेर पाण्याच्या हौदाशी जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. मोबाइल आत चालूच राहिला.

थोड्या वेळानं तबेल्यातून आवाज आला. आधी हलकी शीळ, मग घरघर, मग एक लांबलचक विसावा आणि पुन्हा शीळ. बाबांना वाटलं, आत्याबाईच घोरायला लागल्या. ते पाऊल न वाजवता आत डोकावले. आत्याबाई आडव्या होत्या, कान सैल पडलेले. आणि समोर खुर्चीत, हनुवटी छातीला टेकवून, सुई हवेत तशीच धरून, आई घोरत होती.

बाबा चौकटीला धरून उभे राहिले. तेवीस वर्षं. दार लावूनसुद्धा ऐकू येतं म्हणे. ऐकू येणारच. त्यांना एकदम हसू आलं, मग राग आला, मग आईला उठवायला काय म्हणायचं ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात तीनदा जुळवलं. इतकं चांगलं वाक्य त्यांना आयुष्यात सुचलं नव्हतं. तेवढ्यात बाहेर डॉक्टरीणबाईंची पावलं वाजली, आणि साहेब येताना दिसल्यावर कारकून जसा सावरून बसतो तसे बाबा झटकन गवतावर आडवे झाले.

पावलांनी आई जागी झाली. सुई झुलीत खुपसत ती कौतुकानं म्हणाली, “आज काय घोरलात हो! मला तर टाकासुद्धा घालवेना.”

डॉक्टरीणबाईंनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. आत्याबाईंच्या खणावर बाबांच्या नावाची पाटी लावायची ठरवलंय, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी लेक अंगणातल्या बाकावर कानात इअरफोन घालून ते रेकॉर्डिंग ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं मान वर केली.

“बाबा, यात आधी तुझे बूट ऐकू येतात. बाहेर जाताना.”

“बरं.”

“आणि घोरणं नंतर सुरू होतं.”

“तेवढे बूट काप.”

“अरे, पण म्हणजे ही आई आहे. तेवीस वर्षं तू हॉलमध्ये...”

“काप म्हटलं ना.”

“पाटीसाठी?”

पाटी हवी होतीच, बाबांनी ते कबूल केलं. निवृत्तीच्या दिवशीही त्यांचं नाव कुठे लागलं नव्हतं. पण दुसरंही एक होतं. “पंधरा दुपारी मी या आवाजातच झोपलो गं,” ते म्हणाले. “आत्याबाईंना जे लागू पडलं तेच मला. तुझ्या आईला कळलं तर ती लाजेनं दुपारची डोळा मिटायची नाही. घरी तर तोंडावर पट्टी लावून झोपेल.” लेकीनं बूट कापून टाकले.

सकाळी निरोपासाठी सगळे शेवटच्या खणापाशी जमले. स्पीकर टांगला होता, वर बाबांची पाटी. बटण दाबलं. शीळ आली, घरघर आली. आत्याबाईंचे कान आधी ताठ झाले, मग हळूहळू खाली आले, आणि त्या गुडघे मुडपून बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे चवड्यांवर बाहेर आले. मुकादमानं शेवटचा सलाम केला. स्वयंपाकघरातल्या बायकांनी आईला मिठ्या मारल्या.

विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “ऐका. घरी गेल्यावर आत झोपत जा.”

“तुला त्रास होईल.”

“होऊ दे. काल दिवसभर विचार करत होते. त्या मुक्या जिवाला चालतं आणि मलाच मेलीला चालत नाही. तेवीस वर्षं उगाच बाहेर ठेवलं तुम्हाला.” बाबांनी तिचा हात धरला. त्यांना खूप काही सांगावंसं वाटत होतं, आणि त्यातलं काहीच सांगायचं नव्हतं.

पाच मिनिटांत आईचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. आधी हलकी शीळ, मग घरघर. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून रागानं पाहिलं, पलीकडच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, ड्रायव्हरनं आरशात डोळे वटारले. पलीकडच्या सीटवरून लेक ओठ दाबून बाबांकडे बघत होती. आई जागी होऊ नये म्हणून बाबांनी खांदा जराही हलवला नाही. मोकळा हात छातीवर ठेवून, मान लववून, त्यांनी सगळ्या बसची माफी मागितली, आणि मीच तो, असं खुणेनं सांगितलं.