त्सुनोदांचा खर्ज

"खर्ज येईपर्यंत कुणी चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही," त्सुनोदांनी बजावलं आणि मिनेगिशी व ओबाता या दोघा पाहुण्यांनी निमूटपणे पेले खाली ठेवले.

आमच्या मात्सुमोतोत आवाजाचं वेड असलेली माणसं कमी नाहीत, पण त्सुनोदांची तऱ्हाच न्यारी. वीज शुद्ध मिळावी म्हणून या गृहस्थांनी अंगणात स्वतःचा खासगी विजेचा खांब रोवून घेतलाय. ऐकणाऱ्यांच्या मंडळात त्यांचा शब्द अखेरचा, आणि त्याला कारण एकच मैफल. तरुणपणी टोकियोत ते युरोपातून आलेल्या एका वाद्यवृंदाला गेले होते. पुढे त्याच रात्रीचं ध्वनिमुद्रण गाजलं. "सज्ज्यात डावीकडे, पहिली रांग. मायक्रोफोन अगदी माझ्या डोक्यावर लोंबत होता!" हे मंडळात सगळ्यांना पाठ होतं. पुढचंही पाठ होतं. संथ भागात शेजारच्या अनोळखी मुलीने भारावून जाऊन त्यांचा दंड दाबला, हिला सूर कळतो हे त्यांनी तिथेच ओळखलं आणि वर्षभरात तिच्याशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे फुसाए. लग्नानंतर मात्र तिने या खोलीत ऐकायला म्हणून कधी पाऊल टाकलं नाही. "लग्न झालं आणि हिचे कान गेले," असं ते हळहळून सांगत.

आज त्या ध्वनिमुद्रणाच्या तीन आवृत्त्या समोरासमोर यायच्या होत्या: जुनी साधी सीडी, मग सुपर ऑडिओ सीडी, आणि मूळ फितींवरून नव्याने काढलेली ब्लू-रे ऑडिओ. कसोटी ठरलेली होती. संथ भागात सगळी व्हायोलिनं थांबतात, तिथे एक खोल, थरथरता खर्ज ऐकू येतो. तो ज्याच्या घरी उमटला त्याचंच यंत्र खरं, हा त्सुनोदांचा दंडक. बिचाऱ्या ओबातांनी त्या खर्जापायी कापडाच्या दुकानाच्या कमाईतून दोनदा स्पीकर बदलले होते.

साध्या सीडीवर खर्ज पुसट आला. "भिंतीपलीकडे कुणीतरी वाजवतंय असं वाटतं," मिनेगिशी म्हणाले.

दुसऱ्या डिस्कवर मात्र तिघेही पुढे सरकले. "आता बोला!" त्सुनोदा खुलले. "गज जातानाचा आवाज निराळा, येतानाचा निराळा!"

"वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा कळतो हो," ओबाता डोळे मिटून म्हणाले.

"सगळ्यांनाच नाही कळत. कान लागतात," त्सुनोदा म्हणाले.

तिसऱ्या डिस्कची गंमत अशी की तिच्यात सभागृहातला आवाजही वेगळा राखलेला होता. तो ऐकायला त्सुनोदांनी सोफ्यामागे दोन नवे स्पीकर बसवले होते. ते रिमोट घेऊन उभे राहिले. व्हायोलिनं थांबली. आणि खर्ज आला तो समोरून नाही, मागून डावीकडून आला. खर्रर्र करत वर चढला, क्षणभर अडकला आणि शेवटी बारीक शिट्टी घालून खाली उतरला. मग पुन्हा खर्रर्र.

तिघांच्याही अंगावर सर्रकन काटा आला. मिनेगिशी दातांचे डॉक्टर होते. लोकांच्या उघड्या तोंडात बघण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"त्सुनोदासान," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे वाद्य नव्हे."

"आणि सज्ज्यातून येतंय," ओबाता पुटपुटले. "डावीकडून. मायक्रोफोनच्या अगदी खा..."

मिनेगिशींनी त्यांची बाही ओढली. दोघंही गालिच्याकडे बघत बसले. तेवढ्यात दार सरकलं आणि ताजा चहा घेऊन फुसाए आत आली.

"अहो, शोभतं का हे? पाहुणे बसलेत आणि तुम्ही खुशाल घोरताय!"

मग तिने मान वर केली. नवरा खोलीच्या मधोमध ताठ उभा होता. डोळे टक्क उघडे, तोंड घट्ट मिटलेलं. घोरणं चालूच होतं. इतक्यात मागच्या स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज झाला, एक दचकलेला फुरका आला आणि खर्ज बंद पडला. व्हायोलिनं पुन्हा सुरू झाली.

त्सुनोदांचा चेहरा पांढराफटक पडला. "फुसाए... तू माझा दंड दाबला होतास ना?"

"दाबला कसला? कोपर हाणलं! मागच्या रांगेतले लोक खाकरायला लागले होते."

ओबातांनी कमरेत वाकून नमस्कार केला. "तिसरी डिस्क फारच... फारच प्रामाणिक आहे," असं म्हणून ते उठले. जोडे घालताना मात्र त्यांना राहवलं नाही. "म्हणजे मी दोनदा स्पीकर बदलले ते..."

"चला हो," म्हणत डॉक्टरांनी त्यांना ओढत बाहेर नेलं.

त्सुनोदा खुर्चीत कोसळले. आयुष्यभर मिरवलेली एकुलती एक रात्र, आणि तीही झोपेत गेलेली! त्यांना खरोखर रडू आलं.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही डोळे चोळत वळलात आणि म्हणालात, 'सुराला काय खोली आहे!' मला इतकं हसू आलं, की म्हटलं हाच माणूस बरा. पुढे तुम्ही ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचात, मोडवेना."

"आणि या खोलीत ऐकायला कधी आली नाहीस ती?"

"अहो, तोच खर्ज रोज उशाशी ऐकते. दिवसासुद्धा कशाला?"

त्सुनोदा मुकाट्याने डिस्क काढायला उठले. ती माळ्यावर टाकायची, मग कुणाच्या दृष्टीस पडायला नको.

"राहू दे. परत लावा," फुसाए म्हणाली.

"अगं, झाली तेवढी शोभा पुरे नाही का?"

"घरभर डिस्का भरून ठेवल्यात तुम्ही. यातला तो 'धप्प' माझा. मी वाजवलंय अशी ही एकच."

आणि ती मधल्या खुर्चीत जाऊन बसली, जिथे आजवर कुणाला बसायची मुभा नव्हती. त्सुनोदा शेजारी टेकले. एवढ्या धक्क्याने माणूस पार गळून गेला होता. संथ भाग आला. व्हायोलिनं थांबली. मागून डावीकडून खर्ज उमटला, अगदी स्वच्छ. आणि त्याच्या जोडीने दुसरा, शेजारच्या खुर्चीतून.

फुसाएने पेला दुसऱ्या हातात घेतला आणि कोपर उचललं.