नऊशे ग्रॅमचं डोकं

जरतररावांनी स्वतःचं डोकं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. एका बाईच्या मनगटांची त्यांना काळजी वाटत होती. (ही बाई म्हणजे त्यांची बायको नव्हे. पण थांबा, तुम्ही समजता तसंही काही नाही.)

आधी नावाचा खुलासा केलेला बरा. एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायच्या टेबलावर ते बावीस वर्षं बसत आले होते. कुणाच्या डोक्यावर गॅलरीतली कुंडी पडली, कुणाचा बूट सरकत्या जिन्यात अडकला, कुणाच्या इस्त्रीने पडदा पेटला, हे सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत वाचायचं आणि शेरा मारायचा. इतकी वर्षं हे वाचल्यावर माणसाचं व्हायचं ते झालं. घरात इस्त्री दिसली की त्यांना पडदा दिसायचा. "जर ती वायर सुटली, तर?" "जर समोरच्याने ब्रेक दाबलाच नाही, तर?" ऑफिसातल्या कुणीतरी जरतरराव हे नाव ठेवलं आणि ते असं काही चिकटलं, की मूळ नाव फक्त हजेरीपटावर उरलं. बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारायची.

तर गेलं वर्षभर जरतररावांचं डोकं रोज दुखत होतं. दुपारी चारच्या सुमारास कुणीतरी एक माप लहान हेल्मेट आणून डोक्यावर दाबून बसवायचं, आणि झोप लागेपर्यंत ते निघायचं नाही. तपासण्या झाल्या, फोटो काढून झाले. मेंदू जागेवर होता. डॉक्टर म्हणाले, "डोक्यात काही नाहीये." (हे वाक्य बायकोने पुढे बऱ्याच ठिकाणी वापरलं.) "तुम्हाला चिंतेचा आजार आहे. त्याची ही गोळी, रोज एक. आणि काळजी करकरून मानेचे स्नायू आवळून बसलेत, ते हाताने सोडवून घ्यायला फिजिओथेरपीला जा. दोन्ही करायचं. एक केलं म्हणून दुसरं चुकवायचं नाही."

रिपोर्ट चांगला आल्यामुळे जरतरराव दोन दिवस अस्वस्थ होते. जर मशीनच बिघडलेलं असलं, तर?

फिजिओथेरपिस्ट बाई वयाने लहान, अंगाने बारीक आणि बोलायला गोड होत्या. त्यांनी जरतररावांना टेबलावर उताणं झोपवलं, स्वतः डोक्यामागे स्टूल घेऊन बसल्या, आणि दोन्ही तळवे त्यांच्या डोक्याखाली सरकवले.

"काका, आता डोकं माझ्या हातात सोडून द्या."

"दिलं."

"नाही दिलं."

"दिलं की हो."

बाईंनी हात काढून घेतले. डोकं होतं तिथेच राहिलं, उशीपासून दोन बोटं वर, छताकडे बघत. जरतररावांना स्वतःचं थोडं कौतुकच वाटलं.

"मी तुम्हाला मदत करत होतो," ते म्हणाले. "तुमची मनगटं केवढीशी आहेत. जर डोकं जड असलं, तर?"

"माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं, काका. मी दिवसाला बारा डोकी धरते."

"बारा पंचे साठ," जरतरराव म्हणाले, आणि त्यांची मान आणखी ताठ झाली.

तीन गुरुवार हे असंच चाललं. दुसऱ्या गुरुवारी मात्र एक गंमत झाली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकाच जागी उड्या मारत होता. तो बघण्याच्या नादात जरतरराव पाचसहा सेकंद डोकं सांभाळायचं विसरले. तेवढ्यात बाईंची बोटं कवटीखाली नेमक्या जागी पोहोचली, आणि वर्षभर न निघालेलं ते हेल्मेट जरासं उचललं गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण डोकं सांभाळत नाही आहोत, आणि त्यांनी ते ताबडतोब सांभाळलं. पण ते पाचसहा सेकंद त्यांच्या मनातून जाईनात. तसं पुन्हा वाटावं म्हणून ते काहीही करायला तयार होते.

म्हणून तिसऱ्या गुरुवारी बाई जे बोलल्या ते त्यांच्या जिव्हारी लागलं. "काका, तुम्ही डोकंच देत नाही, मग माझे हात काय करणार? पुढच्या गुरुवारी जमलं तर पुढे जाऊ. नाही जमलं तर हे उपचार थांबवू. तुम्हाला उगाच झुलवत ठेवणं मला पटत नाही. आठवडाभर घरी सराव करा. रोज दहा मिनिटं घरातल्या कुणाच्या तरी हातात डोकं द्या."

घरात माणसं होती दोन. बायको केक करून विकायची, आणि तिचे हात सकाळपासून क्रीममध्ये असायचे. "शनिवारच्या तीन ऑर्डरी आहेत," ती म्हणाली. "ते झालं की धरते तुमचं डोकं."

राहिली मुलगी. तिला "डोकं धर" म्हणायला जरतररावांना तोंड नव्हतं. तिला गाडी चालवायचा परवाना मिळून तीन महिने झाले होते, आणि या तीन महिन्यांत ते एकदाही तिच्या शेजारी बसले नव्हते. परवा तर तिने "बाबा, ऑफिसला सोडते" म्हटल्यावर त्यांनी "आज मला जरा चालायचं होतं" असं सांगितलं, आणि पुढच्या कोपऱ्यावर बस पकडताना तिला दिसले. तेव्हापासून ती मोजकंच बोलत होती.

आणि मग त्यांची नजर केकच्या वजनकाट्यावर गेली. काट्याला मनगटं नसतात, तो दमत नाही, आणि रुसतही नाही. शिवाय डोकं खरोखर किती भरतं हे एकदा कळलं की त्या बाईंच्या मनगटांचा प्रश्न कायमचा मिटला असता. त्यांनी काटा जमिनीवर ठेवला, त्यावर घडी घातलेला नॅपकिन ठेवला, नॅपकिनचं वजन वगळायला शून्याचं बटण दाबलं (दावे तपासणारा माणूस नॅपकिन विसरत नाही), आणि उताणे पडून डोकं वर ठेवलं. पण आकडा दिसणार कसा? बघायला मान उचलली की आकडा शून्य. पुन्हा ठेवावी तर दिसत नाही. असं आठदहा वेळा झालं, तेव्हा बायको आत आली.

फ्रिज आणि ओट्याच्या मधे आडव्या पडलेल्या नवऱ्याकडे तिने थोडा वेळ बघितलं. "माझ्या काट्यावर केस पडतील," ती म्हणाली.

"आकडा वाच आधी."

तिने वाकून वाचला. "नऊशे ग्रॅम."

"शक्यच नाही. बाई म्हणाल्या पाच किलो."

"त्या माणसाच्या डोक्याचं सांगत असतील," बायको म्हणाली. "अहो, माझा साधा केक एक किलोचा असतो."

आवाज ऐकून मुलगी आली. ती हसली, मग आपण रुसलोय हे आठवून गप्प झाली, आणि शेवटी न राहवून जमिनीवर मांडी घालून बसली. "म्हणजे चार किलो तुम्ही स्वतःच धरून ठेवलेत, बाबा," ती म्हणाली. "दिवसभर. मग डोकं दुखणार नाही तर काय होणार?"

हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जरतररावांना एकदम स्वतःची कीव आली. चार किलो ओझं घेऊन आपण वर्षभर ऑफिसला जातोय, आणि कुणी जागासुद्धा देत नाही.

त्या दिवसापासून फ्रिजवर कागद लागला. शुक्रवार, नऊशे. शनिवारी मंद संगीत लावलं, अकराशे. रविवारी बायकोने कपाळावर हात ठेवून "सगळं चांगलं होणार आहे" असं शांतपणे दहा वेळा म्हटलं. आकडा सातशेवर आला. ("तुला कसं माहीत?" असं त्यांनी आतल्या आत दहा वेळा विचारलं होतं.) सोमवारी मुलीने श्वास मोजायला लावले. जर मोजताना एखादा राहून गेला, तर? आठशे पन्नास. मंगळवारी त्यांनी स्वतःच स्वतःला दम भरला, आणि काटा पाचशेच्याही खाली गेला. बायकोने काटा बदलून आणला, तर नव्या काट्यावरही तेच.

बुधवारी संध्याकाळी जरतरराव डोकं टेकून पडले तेव्हा त्यांचा धीर सुटत आला होता. उद्या बाई हात वर करणार, मग हे हेल्मेट जन्मभराचं. आकडा आठशे होता. मुलगी काट्यापाशी बसली होती. ती थोडा वेळ नखं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, रागावणार नसाल तर एक सांगायचंय. दुपारी आईची ऑर्डर पोचवायला गाडी नेली होती ना, ती मी दुभाजकावर घातली. पुढचा दिवा गेला. बंपरही लोंबतोय."

ओट्यापाशी बायकोच्या हातातली क्रीमची पिशवी पिचकली. आणि जमिनीवर काट्याने आवाज केला. चार हजार सातशे.

"तुला लागलं का?" जरतररावांनी विचारलं. आवाज संथ, डोळे मिटलेले.

"नाही."

"दुसऱ्या कुणाला?"

"नाही."

"मग झालं तर. फोटो काढलेस? नसतील तर आता काढू. चारी बाजूंनी, आणि एक नंबरप्लेटचा. घाबरू नकोस. अशी माझ्याकडे आठवड्याला चाळीस प्रकरणं येतात." डोकं जराही हललं नाही. मान लोण्यासारखी मऊ पडली होती. "काय सांगू तुला, किती हलकं वाटतंय."

"चार हजार सातशे वीस," बायको कुजबुजली.

मुलीला हसू आवरेना. "बाबा, खोटं होतं. गाडी खाली उभी आहे, साधा ओरखडासुद्धा नाही. मागे पाण्याची टाकी फुटली तेव्हा घरात एकटे तुम्हीच शांत होतात, ते मला आठवलं. म्हटलं, बघू या."

"म्हणजे काहीच झालेलं नाही?"

"काहीच नाही."

"म्हणजे अजून व्हायचंय," जरतरराव म्हणाले. आणि दोघींच्या देखत आकडा उतरत गेला, चार हजार, अडीच हजार, आणि नऊशेवर येऊन थांबला.

गुरुवारी तिघंही क्लिनिकला निघाले. मुलीने किल्ली घेण्यासाठी हात पुढे केला. जरतररावांनी किल्ली खिशात घातली. "नको. रस्त्यात शाळा सुटायची वेळ आहे," ते म्हणाले. मुलगी शेजारी बसली. तिचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. तिच्यावर विश्वास नव्हता असं नाही, बाकीच्या सगळ्या जगावर नव्हता. पण हे सांगावं कसं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी गाडी रिव्हर्सला घेतली.

गाडी मागे घ्यायची म्हणजे मागे वळून बघायचं, आणि जरतररावांची मान वळत नव्हती. ती गेल्या वर्षापासूनच वळत नव्हती, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आरशात बघायचे.

"बाबा, मी घेऊ का मागे?"

"जर तू घेतलीस, तर..."

तेवढ्यात ते झालं. फार मोठा आवाज नव्हता. मागून बायको म्हणाली, "अहो, खांब." जरतररावांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, मागे गेले. इमारतीच्या गेटाचा डावा खांब जागेवर होता, गाडीचा मागचा दिवा नव्हता. बावीस वर्षं लोकांच्या अर्जांवर ते "चालकाचा निष्काळजीपणा" असा शेरा मारत आले होते. चालक कसा दिसतो ते आज त्यांनी काचेत बघितलं. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, एक नंबरप्लेटचा. मग ते चालकाच्या दाराशी न जाता दुसऱ्या दाराशी आले आणि मुलीपुढे किल्ली धरली.

"तूच चालव," ते म्हणाले. "तुझं माझ्यापेक्षा नक्कीच बरं असेल. मला आधीच कळायला हवं होतं."

मुलीने किल्ली घेतली. तिने गाडी सफाईने बाहेर काढली, शाळेपाशी हळू केली, पोरांना आधी जाऊ दिलं. जरतरराव शेजारच्या सीटवर मागे टेकून बसले होते. चार वाजून गेले होते आणि डोक्यावर काहीच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी ते उन्हावर ढकललं.

क्लिनिकात बाईंनी नेहमीप्रमाणे तळवे सरकवले आणि फारशी आशा न ठेवता म्हणाल्या, "काका, सोडा." धप्प झालं. बाईंची दोन्ही कोपरं टेबलावर आपटली. त्यांनी खाली बघितलं, तर काका तोंड उघडं टाकून झोपले होते. पुढची वीस मिनिटं त्यांनी मनासारखं काम केलं. कवटीखालच्या गाठी एकेक करून सुटत गेल्या, आणि जरतरराव शांतपणे घोरत राहिले.

"कमाल आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आठवड्यात एवढा फरक मी पाहिला नव्हता. काय केलंत तुम्ही?"

"त्यांनी गाडी खांबावर घातली," मुलीने सांगितलं.

बाईंनी ते कागदावर कसं लिहावं याचा थोडा विचार केला आणि लिहिलंच नाही. "काहीही असो, आता सोडायचं नाही. अजून आठ वेळा यावं लागेल."

"आठ?" बायको काळजीत पडली. "पण आमच्या गेटाला खांब दोनच आहेत."