परबकाकांचा मतलई वारा

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले परबकाका स्वतःच्या हवेप्रमाणे कपडे घालत नाहीत, विमानाच्या हवेप्रमाणे घालतात. भोईवाड्यात डिसेंबरची थंडी म्हणजे पंखा चारवरून दोनवर आणायचा, एवढीच. पण रविवारी सकाळी मी दार उघडते तेव्हा समोर काका उभे असतात. स्वेटर, स्वेटरवर जाकीट, गळ्याला मफलर, डोक्यावर माकडटोपी, हातात लोकरीचे मोजे. काखेत विमान. पांढऱ्या फोमचं, रिमोटवर उडणारं, वजनाला पावाच्या लादीइतकं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, "काका, एवढी थंडी कुठाय?"

"वर आहे."

"पण तुम्ही तर खाली असता."

"माझं लक्ष वर असतं ना. थंडी लक्षाला वाजते."

परबकाकांशी बोलून घरात परत आले की माझी बहुतेक वेळा एकच अवस्था असते. त्यांचं प्रत्येक वाक्य सुटं सुटं समजतं. सगळी मिळून काय झाली, ते समजत नाही.

काका कोर्टात टंकलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब टाइप केले, त्यामुळे स्वतःचं बोलणंही तसंच झालं. विमान उडालं नाही तर ते "तहकूब" असतं. झाडात अडकलं तर "प्रकरण प्रलंबित". नाकावर आपटलं तर "निकाल विरोधात गेला, अपिलात जाऊ". डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितल्यापासून मी नायगावच्या मैदानावर फेऱ्या मारते, आणि काकाही तिथेच विमान उडवतात. त्यामुळे त्यांनी मला साक्षीदार नेमलं. नावाने हाक मारायचं बंदच केलं. रविवारी सकाळी बेल वाजते आणि बाहेरून आवाज येतो, "साक्षीदार हाजिर हो."

मैदानावर गेल्यावर काका आधी मातीत अगरबत्ती खोचून पेटवतात. धूर कुठे झुकतो त्यावरून वारा कळतो. पण ते कोणाला माहीत नसतं. एकदा फिरायला आलेल्या दोन बायका चपला काढून विमानाला नमस्कार करून गेल्या. मग काका स्वेटरच्या आतल्या खिशातून बॅटरी काढतात. गारठलेली बॅटरी मुकी होते म्हणून तिला छातीशी ऊब देत आणलेली असते. ती विमानाच्या पोटात गेली की पंखा भणभणतो, आणि काका हात उंच करून विमान वाऱ्याच्या तोंडावर सोडून देतात.

ते वर गेलं की घार येते. नायगावात घारींना तोटा नाही. ती विमानाच्या मागे मागे गोल फिरते, आणि काका तिला खालून "प्रतिवादी, अंतर ठेवा" असं बजावतात.

एकदा एक हवालदार आले. "काका, ड्रोन उडवायचं नाही इथं."

"हे ड्रोन नाही, विमान आहे."

"फरक काय?"

"ड्रोन हवेत एका जागी उभं राहतं. हे उभं राहिलं की पडतं."

हवालदार विचारात पडले. तेवढ्यात विमान खरोखरच पडलं. "आता तर ते उडतही नाहीये," काका म्हणाले. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार म्हणून मान डोलावली. शेवटी ते "सांभाळून करा" म्हणून निघून गेले. नेमकं काय सांभाळून, ते बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

काकांचा हात मात्र पक्का होता. विमानाला गिरकी द्यायचे, पाठीवर उलटं न्यायचे आणि खाली आणताना मातीवर असं अलगद टेकवायचे की धूळसुद्धा उडायची नाही. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. कारण असं सगळं व्यवस्थित झाल्यावर, सकाळच्या शेवटच्या फेरीला, विमान मैदानाच्या पश्चिमेच्या चाळीवर जाऊन पडायचं. तिच्या गच्चीवर, नाहीतर वरच्या मजल्याच्या कठड्यावर. दरवेळी तीच चाळ.

"मतलई वारा," काका म्हणायचे. "थंडीत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याने नेलं."

"मग शेवटच्याच फेरीला कसं नेतो?"

"वाऱ्याला सुनावणीची वेळ ठरवून देता येत नाही."

मी घरी येऊन मुलीचं भूगोलाचं पुस्तक काढून पाहिलं. वारा खरा होता. थंडीच्या सकाळी खरंच तसा वाहतो, आणि ती चाळ मैदानाच्या समुद्राकडच्या बाजूलाच होती. म्हणजे काकांचं बरोबर होतं. मग मला ते पटत का नव्हतं?

दुसरी गोष्ट याहून विचित्र. पडलेलं विमान आणायला काका त्या चाळीत कधी जायचे नाहीत. हात झटकून सरळ घरी. आणि दोन-चार दिवसांनी ते विमान वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आमच्या वॉचमनकडे आलेलं असायचं. मोडकं नाही, दुरुस्त होऊन. पंख जोडलेला, सांधा घासून गुळगुळीत केलेला. एकदा शेपटीला लाल पट्टा रंगवून आलं. पुढच्या खेपेला अंगावर खिडक्या आल्या. म्हणजे काकांचं विमान जितकं पडायचं तितकं चांगलं होत चाललं होतं.

"कोण आणून देतं हो?"

"असेल कोणी सज्जन."

"त्याचे आभार तरी मानायला नकोत का?"

"तसा अर्ज आलेला नाही."

संक्रांतीच्या सुमाराला मांज्यात अडकून विमान पुन्हा तिथेच गेलं. परत आलं तेव्हा पुढच्या काचेत वैमानिक रंगवलेला होता. बोटाच्या पेराएवढा चेहरा, नाक मोठं, आणि डोक्यावर माकडटोपी. मला हसू आवरेना. काका मात्र चष्मा कपाळावर चढवून ते चित्र बराच वेळ जवळून बघत राहिले. मग म्हणाले, "साम्य नाही."

त्या रविवारी मी आकाशाकडे बघायचं सोडून काकांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. शेवटची फेरी आली. विमान चाळीवर पोचलं आणि अंगठ्याने दांडी हळूच खाली ओढली. पंखा थांबला. वाऱ्याचा यात काही हात नव्हता.

"काका, तुम्ही पाडलंत."

काकांनी रिमोट बंद केला, जाकिटात ठेवला आणि "साक्षीदार फितूर झाला" एवढंच म्हणून चालायला लागले.

मी सरळ काकूंकडे गेले. त्या वालाची भाजी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या चाळीत मधूभावजी राहतात. यांचा धाकटा भाऊ. साइनबोर्ड रंगवायचे."

"सख्खा भाऊ? आणि काका त्यांच्याकडे जात नाहीत?"

"बोलत नाहीत. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा गणपती कोणाकडे बसवायचा यावरून झालं. हे म्हणाले थोरल्याकडे, भावजी म्हणाले आई जिथे राहिली तिथे. दीड दिवसाचा गणपती, बाई. आणि इतक्या वर्षांचं भांडण."

"मग आता गणपती कुठे बसतो?"

"दोघांकडे," काकू म्हणाल्या. "दोघांच्या घरी, वेगवेगळा. देवाची अडचण मिटली. यांची राहिली."

मला वाटलं होतं, कारण कळल्यावर गोंधळ संपेल. तो वाढलाच. दोन म्हातारे भाऊ मैदानाच्या दोन टोकांना राहतात. एकमेकांशी बोलत नाहीत. पण एक जण थंडी आली की दर रविवारी विमान पाडतो, आणि दुसरा ते जोडून रंगवून परत पाठवतो. याला अबोला म्हणायचं की काय म्हणायचं? आणि पावसाळ्यात, उन्हाळ्यात काका विमान घेऊन मैदानावर का येत नाहीत तेही मला तेव्हा उमगलं. तेव्हा वारा उलटा असतो. विमान चाळीवर पडलं तर सांगायला कारण नसतं.

पुढच्या थंडीच्या आधी ती चाळ रिकामी झाली. नवीन इमारत होणार म्हणून भाडेकरू जागा मिळेल तिथे पांगले. गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे गेले, कुंड्या गेल्या, खिडक्यांची तावदानं गेली. मधूकाका शीवला भाड्याने राहायला गेले, असं काकूंकडून समजलं.

थंडी पडली. बेल वाजली, साक्षीदार हाजिर झाला. काकांनी अगरबत्ती लावली. धूर चाळीकडे झुकला. विमान वर गेलं, घार आली, गिरक्या झाल्या. शेवटच्या फेरीला विमान चाळीपर्यंत गेलं, रिकाम्या गच्चीवर एक वळसा घेतला आणि परत येऊन काकांच्या पायाशी अलगद टेकलं. फिरायला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं सुरेख उतरलेलं विमान हातात घेऊन काका असे उभे राहिले, की जणू कोणी त्यांच्या हातात चुकीच्या पत्त्याचं पार्सल दिलंय.

त्यानंतरच्या रविवारीही तेच झालं. विमान पडेना, मोडेना. काकू म्हणाल्या, "जेवणात लक्ष नाही. विमान पडत होतं तेव्हा बरे होते."

मग एका रविवारी काकांनी विमान उडवलंच नाही. मैदानाच्या कडेला बाकावर बसले, विमान गुडघ्यावर आडवं ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून डावा पंख मोडला. कट्ट असा आवाज झाला.

"काका, हे काय केलंत?"

"अपघात."

"कधी झाला?"

"आत्ता. तू साक्षीदार आहेस. चल."

कुठे, हे विचारायच्या आत ते बसस्टॉपकडे निघाले होते. बसमध्ये त्यांनी विमान मांडीवर घेतलं आणि तुटलेला पंख माझ्याकडे दिला. पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "नातवाचं का?" काका म्हणाले, "भावाचं." मग खिडकीबाहेर बघत बसले. शीव येईपर्यंत त्यांनी मफलर तीनदा सोडून पुन्हा गुंडाळला.

पत्ता त्यांना पाठ होता. जिने चढून आम्ही एका दारापुढे उभे राहिलो. काकांनी बेलकडे हात नेला, मागे घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी बेल वाजवली.

दार उघडलं ते काकांच्याच नाकाच्या, पण बुटक्या माणसाने. हाताच्या नखांत जुना रंग बसलेला. मधूकाकांनी आधी विमानाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"पडलं," परबकाका म्हणाले.

"कुठे?"

"इथेच, तुझ्या बिल्डिंगवर. वारा होता."

मधूकाकांनी वळून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या दोरीवर एक चादर वाळत होती. ती हलत नव्हती.

"नायगावहून शीवला?"

"मतलई वारा."

"दादा, तो समुद्राकडे जाता." मधूकाका मालवणीवर आले.

"यंदा हवामान बदललंय." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला विचार. हिने पाहिलंय."

मधूकाका माझ्याकडे वळले. "खरं?"

"खरं आहे," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत झालं."

ते दारातून बाजूला झाले.

खोलीत अजून खोकी न उघडता रचून ठेवलेली होती. मधूकाकांनी त्यांतलं एक खोकं जमिनीवर आडवं केलं, त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि विमान ठेवलं. पंखाची मोडलेली कड बोटाने चाचपली. वाऱ्याने मोडलेला पंख आणि गुडघ्यावर मोडलेला पंख यांतला फरक त्यांना नक्की कळला असणार. त्यांच्या हत्यारांच्या डब्यात मिनिटात घट्ट होणारा गरम गम लावायचं पिस्तूल होतं, मी पाहिलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि पांढऱ्या गमाची बाटली काढली.

"धरून ठेव," ते म्हणाले. "हात हलवू नको."

परबकाकांनी पंख धरला. दुसऱ्या बाजूने मधूकाकांनी धरला. दोघं जमिनीवर मांडी घालून समोरासमोर, मान खाली. गणपतीचं कोणी काढलं नाही, आईचं काढलं नाही, मधल्या वर्षांचं काही विचारलं नाही. आतून मधूकाकांच्या बायकोने एकदा डोकावून पाहिलं. मग तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं आणि नळ सुरू झाला.

बऱ्याच वेळाने परबकाकांनी हळूच विचारलं, "झालं?"

"ना," मधूकाका म्हणाले. "सुकाक येळ लागतलो. जेवन जा."

काकांनी पंखावरची पकड सोडली नाही. "काय केलंय?"

"बांगडे."

"तिखट?"

"आईसारखे," मधूकाका म्हणाले, आणि पंख आणखी थोडा दाबून धरला.